चाळीस जातींचा ठराव

चाळीस हा आकडा माझ्या तोंडून गेला तेव्हा मला फुलपाखरांच्या चारच जाती माहीत होत्या. पांढरं, पिवळं, तांबडं आणि ‘ते बघ, केवढं मोठं!’

पण आकडा गेला. आणि गेला तोही भर सभेत, आमच्या राहुरीच्या मुळाई हौसिंग सोसायटीच्या सगळ्या सभासदांसमोर. विषय होता सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटचा. सात गुंठ्यांचा तुकडा. कोपऱ्यात एक चिंच, बाकी रुई, घाणेरी, टाकळा, आघाडा आणि कंबरेएवढं गवत. हे सगळं उपटून तिथं पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे लग्नाचा मांडव घालता येईल आणि एरवी गाड्या लावता येतील, असं चेअरमन सहादेव ढोकणे यांचं म्हणणं. ढोकण्यांचा स्वतःचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे, हा निव्वळ योगायोग. तसं ते न विचारताच सांगतात.

“डास आन् इंचवाबिगर त्या प्लॉटात हाय तरी काय?” त्यांनी विचारलं.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण एकतीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून काढलेला माणूस निवृत्तीनंतर गप्प बसायला लागला तर घरचे डॉक्टर बोलावतात. शिवाय रोज सकाळी मी आणि शेजारचे नबीलालभाई टेलर त्या चिंचेखाली तासभर बसतो. पेव्हर ब्लॉकवर बसून बघा एकदा, म्हणजे कळेल.

“फुलपाखरं आहेत,” मी उभा राहून म्हणालो. “किमान चाळीस जातींची.”

चाळीसच का? पस्तीसला पोरं नुसती पास होतात, म्हणून वर पाच धरले.

ढोकणे हसले. “मंग करू की ठराव! चाळीस भरल्या तर प्लॉट हाय तसा. न्हाई भरल्या तर पेव्हर. लिवा भाऊसाहेब, तुमच्याच हातानं.”

मसुदा म्हटलं की माझं भान जातं. ‘सदर भूखंडावर फुलपाखरांच्या किमान चाळीस जातींचे अस्तित्व आगामी वार्षिक सभेपूर्वी पुराव्यासह सिद्ध झाल्यास भूखंड आहे त्या स्थितीत ठेवण्यात येईल, अन्यथा...’ त्यातलं ‘पुराव्यासह’ कोणी मागितलं नव्हतं. ‘सभेपूर्वी’ही नव्हतं. तालुक्यात माझ्या मसुद्यांना मान होता तो अशाच शब्दांमुळे.

सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे हातात पाच आठवडे. त्याच संध्याकाळी ठराव व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि ‘चाळीस जाती’ एवढंच वाचून एक सभासद ‘सोसायटीत जातपात आणू नये’ असं लिहून ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांना परत आणण्यात दोन दिवस गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. अनुक्रमांक, जात, दिनांक, शेरा, असे चार रकाने. फुलपाखरांना काही रीतसर मराठी नावं असतील याची मला कल्पना नव्हती, म्हणून मीच ठेवली. ‘रुईवरचं तांबडं’. ‘कातर फिरल्यासारख्या कडांचं’. ‘वाळक्या पानासारखं, बसलं की दिसत नाही’. शेजारी येताजाता सल्ले देत होते. एकजण म्हणाले, साखरेचं पाणी ठेवा. ठेवलं. अख्ख्या कॉलनीतल्या मुंग्या आल्या. एकजण म्हणाले, मोबाईलवर फुलाचं चित्र लावून धरून उभे राहा. तसाही मी अर्धा तास उभा होतो, हे मात्र कृपा करून आमच्या घरी सांगू नका.

पहिल्या आठवड्यात नऊ झाली. खरा वेग आला तो नबीलालभाईंमुळे. चाळीस वर्षं कापड बेतलेला माणूस. मला जिथं एक पिवळं फुलपाखरू दिसे तिथं त्यांना तीन दिसत.

“भाऊसाहेब, हे आन् ते एक न्हाई. ह्याची किनार काळी हाय. त्याला किनारच न्हाई. आन् त्या तिसऱ्याला आतून नारंगी अस्तर लावलंय बघा.”

पंधरा दिवसांत वहीत चौतीस जाती झाल्या. मी रस्त्यानं चालताना ढोकण्यांच्या घरासमोर पाऊल जरा सावकाश टाकू लागलो. मग ‘पुराव्यासह’ची पूर्तता करावी म्हणून कृषी विद्यापीठात कीटकांवर संशोधन करणाऱ्या निकिता आढाव या मुलीला बोलावलं. आमच्या हायस्कूलची विद्यार्थिनी. तिच्या दाखल्यावर सही साहेबांची, पण अक्षर माझं होतं.

निकितानं वही वाचली, प्लॉटात दोन तास फिरली आणि म्हणाली, “काका, सत्तावीस.”

“अजून सत्तावीस सापडली?” मी म्हणालो.

“नाही. एकूण सत्तावीस.”

मग तिनं लाल पेन काढलं. माझ्या वहीत लाल पेन! एकतीस वर्षांत ऑडिटवाल्यांनीसुद्धा ही हिंमत केली नव्हती. वाळक्या पानासारखी मी तीन वेगळी लिहिली होती, ती एकच निघाली. पावसाळ्यात तिच्या पंखांवर डोळे उमटतात, उन्हाळ्यात पुसट होतात. जणू ऋतूप्रमाणे ती कपडे बदलते. नंबर सात आणि नंबर एकोणीस हे नवराबायको. सातवा काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचा. एकोणिसावी काळी, पण लाल ठिपक्यांची.

“ही असं का करते?” मी जरा रागानंच विचारलं.

“लाल ठिपक्यांचं एक वेगळंच फुलपाखरू असतं, काका. तुमच्या यादीत बारावं. ते अंगात विष बाळगतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हिच्यात विष नाही. पण लाखो वर्षांत ज्या माद्या त्याच्यासारख्या दिसल्या त्या वाचल्या, त्यांचीच पिल्लं वाढली. आता ही हुबेहूब तशी दिसते.”

“म्हंजे शिक्का कंपनीचा आन् कापड गल्लीतलं,” नबीलालभाई मान डोलावत म्हणाले. त्यांना विषय एका क्षणात कळला. मला फक्त एवढंच कळलं की माझ्या सात जाती गेल्या.

घरी सौभाग्यवतींना, म्हणजे मालनला, हा प्रकार सांगितला. ती म्हणाली, “नवराबायको एकसारखे दिसत नाहीत यात नवल ते काय? एकसारखे असते तर लिहून ठेवायचं.”

निकितानं जाताना एक गुरुमंत्र दिला. फुलं बघू नका, पानं बघा. प्रत्येक जातीची अळी आपापल्या ठरलेल्या झाडावर वाढते. रुईवरची रुई सोडणार नाही, टाकळ्यावरची टाकळा. म्हणजे आम्ही ज्याला तण म्हणत होतो तो या मंडळींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वयंपाक होता. मी अळ्या शोधू लागलो आणि आकडा पुन्हा चढू लागला. अठ्ठावीस, तीस, तेहेतीस. लिंबाच्या जातीच्या झाडांवरच्या अळ्या प्लॉटात मिळेनात, तेव्हा मी प्लॉटाच्या बांधावरच्या लिंबाच्या रोपट्यावरची एक नेऊन घरच्या, त्याच कुळातल्या कढीपत्त्यावर ठेवली. डोळ्यांसमोर राहील, एवढाच हेतू. ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूनं तोंड फिरवावं म्हणून तिनं घेतलेलं सोंग. मालनवर त्या सोंगाचा परिणाम असा झाला की तिनं ती डहाळी नीट धुऊन घेतली, आणि पोह्यांच्या फोडणीत पडायच्या आधी त्या विष्ठेनं मान वर करून दोन केशरी शिंगं बाहेर काढली.

त्या दिवशी मला पोहे मिळाले नाहीत. पण अळी वाचली. आधी तेवढी नोंद मी वहीत केली.

एकोणचाळिसावी जात मिळाली तेव्हा सभेला आठ दिवस होते, आणि त्याच दुपारी ग्रुपवर चेअरमनचा संदेश आला. ‘डासांचा उपद्रव पाहता उद्या सकाळी मोकळ्या प्लॉटात धूर फवारणी होईल. खिडक्या बंद ठेवाव्यात.’

खिडक्या बंद करायला फुलपाखरांना खिडक्या नव्हत्या. मी तातडीनं अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथं माझं अजून काम पडायचंय. तिथल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला.

“फुलपाखरू म्हणजे वन्यजीव धरायचा का कीड?” त्यांनी विचारलं.

“दोन्हीत काय फरक पडतो?”

“वन्यजीव असेल तर वनखातं. कीड असेल तर कृषी.”

“अळी असते तेव्हा पानं खाते,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“मग अळी असेपर्यंत कृषी. पंख फुटले की वन.” त्यांनी अर्ज परत केला. “कोषात असेल तेव्हा आणा. तेव्हा ती काहीच करत नाही, तेवढं आमच्याकडे चालेल.”

एकेकाळी मीही लोकांना असंच परत पाठवत असे. पण इतक्या सफाईनं नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाठीवर धुराचं यंत्र घेऊन कानिफनाथ नावाचा माणूस आला. ढोकण्यांनी खासगीत बोलावलेला. मी प्लॉटाच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो. यंत्राचा आवाज एवढा होता की माझं साडेतीन मिनिटांचं तयार भाषण मलासुद्धा ऐकू आलं नाही. धुराचा पहिला लोट थेट माझ्या अंगावर आला. मी हललो नाही. हललो नाही याला धैर्य म्हणा, पण खरं तर डोळे मिटले होते आणि कुठे हलायचं ते दिसत नव्हतं.

यंत्र थांबलं. “काका, बाजूला व्हा,” कानिफनाथ काकुळतीला येऊन म्हणाला. “धुराचा फोटू टाकल्याबिगर मला बिल भेटत न्हाई.”

“फोटो धुराचाच पाहिजे ना? प्लॉट कुठला ते दिसतं का धुरात?”

त्यानं विचार केला. मग आम्ही दोघांनी गेटाजवळच्या गटारावर भरपूर धूर सोडला, आणि मी त्याचा फोटो काढून दिला. त्यात मीही आलो आहे, असं नंतर कळलं. ग्रुपवर चेअरमननी तो ‘ज्येष्ठ सभासदांच्या सहकार्याने फवारणी संपन्न’ असा मथळा देऊन टाकला. आठ दिवस नबीलालभाई सोडून कोणी मला माझी बाजू विचारली नाही.

एकोणचाळीसवर गाडी अडली ती अडलीच. मग मी रात्रीच्या पतंगांकडे वळलो. पंपहाऊसच्या दिव्याला आलेले पतंग सकाळी भिंतीवरच झोपलेले सापडतात. पहिल्याच सकाळी भिंत बघून मी थक्क झालो. एक झाडाच्या सालीसारखा, एक गांधीलमाशीचं रूप घेतलेला, एक दुमडलेल्या कागदासारखा, एकाच्या मिशा कंगव्यासारख्या. तीन दिवसांत बावीस जाती झाल्या. निकितानं फोनवर सांगितलं, “काका, भारतात फुलपाखरं तेराशेच्या वर, आणि पतंग दहा हजारांच्या वर आहेत.” मी एकोणचाळीस अधिक बावीस केले आणि त्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून सभेला गेलो.

सभा प्लॉटाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. निकिता फोटो घेऊन आलेली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “एकसष्ट!”

टाळ्या पडल्या. ढोकण्यांनी माझी वही मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. “ह्ये खालचे बावीस पतंग हायेत. ठरावात फुलपाखरू लिवलंय. तुमच्याच हातानं.”

मी निकिताकडे बघितलं. ती उठली. “चेअरमनकाका, खरं सांगायचं तर या दोघांत भिंत नाहीच. आधी सगळे पतंगच होते. दहाएक कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक शाखा दिवसा उडायला लागली, फुलांवर जायला लागली. तिला आपण फुलपाखरं म्हणतो. बाकीची भावकी रात्रीच राहिली.”

भावकी म्हटल्यावर सगळी सभा सावरून बसली. हा विषय इथं प्रत्येकाला येतो.

“म्हंजे फुलपाखरू हे पतंगाच्याच घरातलं?” ढोकण्यांनी विचारलं.

“अगदी बरोबर!” मी ओरडलो. जिंकलो होतो.

“थांबा भाऊसाहेब.” ढोकणे शांतपणे म्हणाले. “आमचे समदे ढोकणे राहुरी तालुक्यातले. पण तालुक्यातला परत्येक मानूस ढोकणे न्हाई. फुलपाखरू पतंग आसंल. पतंग फुलपाखरू कसा हुईल? व्हय का गं, पोरी?”

निकितानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “त्यांचं बरोबर आहे, काका.”

विज्ञान माणसाला असं ऐन वेळी सोडून जातं. माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यातून घाम फुटला. तेवढ्यात प्लॉटाच्या बाजूनं नबीलालभाई धावत आले. हातात बटणांची प्लास्टिकची बरणी, आत एक फुलपाखरू.

“चाळीस!” त्यांना दम लागला होता. “रुईवरच्या तांबड्यांत बसलं हुतं, त्यांच्यातलंच एक होऊन. पन मागल्या पंखाव तीन काळे ठिपके पायजेत, ह्याला एकच हाय. ड्युप्लिकेट!”

शेडमध्ये पुन्हा टाळ्या. निकितानं बरणी हातात घेतली आणि उजेडाकडे धरून नीट पाहिली.

“अगदी बरोबर ओळखलंत, चाचा. ही नक्कल करणारीच आहे. पण ही मादी.” तिनं वहीचं पान उलटलं. “हिचा नवरा काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. यादीत अकराव्या नंबरला आहे.”

नबीलालभाई मटकन खाली बसले. “आपन फकस्त लगीन लावून दिलं म्हनायचं,” ते पुटपुटले, आणि झाकण उघडून नवरीला सोडून दिलं.

“एकोणचाळीस,” ढोकणे म्हणाले. “आता चला माझ्यासंगं समदे. तुमी कशापायी प्लॉट राखाय लागले, त्ये दाखवतो.”

ते पुढे, सभा मागे, असे आम्ही गवतातून चिंचेपर्यंत गेलो. तिथं ढोकण्यांनी हात लांब केला. कुत्र्यानं सकाळी उरकलेला कार्यक्रम, ताजा.

“ही बघा घान! इथं पोरंबाळं खेळत्यात. ह्याच्यासाठी पेव्हर पायजे का न्हाई, सांगा!”

सगळे बघत होते. मीही बघत होतो. मान खाली घालायला दुसरं काही ठिकाण नव्हतं. आणि त्या घाणीवर, अगदी मधोमध, एक धिप्पाड फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. शांतपणे जेवत होतं.

“कोणी हलू नका!” निकिता ओरडली.

ती गवतात पालथी पडली आणि कॅमेरा त्या ऐवजापासून वीतभर अंतरावर नेला. सोसायटीची अख्खी सभा गोल करून श्वास रोखून उभी होती. फुलपाखरानं पंख उघडले. काळेकुळकुळीत, मधून फिकट पिवळसर पट्टा, मागे दोन लहान शेपट्या.

“याला ब्लॅक राजा म्हणतात,” ती पालथ्याच अवस्थेत म्हणाली. “अळी चिंचेवर वाढते. हा फुलांवर फारसा येत नाही. कुजकी फळं, घाण, असंच काहीतरी लागतं. यादीत नाही, काका! चाळीस!”

“राजा?” ढोकणे म्हणाले. “आन् त्याच्यावर बसतो?” पण लगेच ते सावरले. “पन ठरावात ‘सभेपूर्वी’ लिवलंय. सभा चालू झाल्यावर घावलेलं चालायचं न्हाई.”

तो शब्दही माझाच. क्षणभर मला माझ्या हस्ताक्षराची घृणा आली. मग एकतीस वर्षांची नोकरी जागी झाली. मी शेडमध्ये गेलो, हजेरीपुस्तक आणलं आणि सह्या मोजल्या.

“चेअरमनसाहेब, गणपूर्तीला सभासद किती लागतात?”

“वीस.”

“सह्या एकोणीस आहेत. नबीलालभाई सकाळपासून प्लॉटात होते, त्यांची सही अजून नाही. म्हणजे सभा अद्याप सुरूच झालेली नाही. आता ते सही करतील आणि मग ती सुरू होईल. चाळिसाव्या जातीनंतर.”

नबीलालभाईंनी एवढी सावकाश सही मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तिच्यातल्या प्रत्येक अक्षराला त्यांनी जणू काज केलं.

ढोकण्यांनी सह्या स्वतः एकदा मोजून बघितल्या. मग म्हणाले, “भाऊसाहेब, तुमी रिटायर व्हायला नको हुतं.” माझ्या नोकरीच्या निरोपसमारंभात नऊ भाषणं झाली होती. त्यांतलं एकही मला इतकं आवडलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी प्लॉटाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. ‘फुलपाखरू उद्यान. मा. चेअरमन श्री. सहादेव ढोकणे यांच्या अथक प्रयत्नांतून साकार.’ मधोमध ढोकण्यांचा भला मोठा फोटो, हात जोडलेला, भरघोस मिशांचा. खाली अगदी बारीक अक्षरांत सहकार्य म्हणून माझं नाव, म्हसे या आडनावाच्या जागी ‘म्हैसे’ असं. मालननं ते वाचलं आणि दोन दिवस तेवढ्याच एका शब्दावर हसत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागानं फ्लेक्सजवळ गेलो. फ्लेक्सवर रात्रभर दिवा असतो, आणि दिव्याला आलेला एक मोठा पतंग ढोकण्यांच्या फोटोतल्या डाव्या मिशीवर चिकटून झोपला होता. तपकिरी, पंखांवर घुबडासारखे दोन गोल डोळे. असा मी आधी पाहिला नव्हता. मी वही काढली.

मागून पावलं वाजली. खुद्द ढोकणे, फिरायला निघालेले. त्यांनी फोटो बघितला, मिशी बघितली, आणि त्यांचा हात झटकायला वर गेला. हात तसाच हवेत थांबला.

“ह्यो यादीत हाय का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नाही.”

“मंग लिवा की.” ते दोन पावलं मागे सरकले, पतंगाला वारा लागू नये म्हणून. “ठिकान नीट लिवा. चेअरमनची डावी मिशी.”

मी लिहिलं. पुराव्यासह.